यादीतला एकविसावा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची पुण्याहून आली ती पाटा-वरवंट्याच्या वजनाचे एक पुस्तक घेऊन. ती अर्थशास्त्रात एम.ए. करते आणि पुढे संशोधनच करायचे तिने ठरवले आहे. पुस्तकाचा विषय अर्थमिती. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या फिरत होता, अंगणात मुले किल्ल्यावर मोहरी पेरत होती, आणि ही मुलगी ओसरीवर मांडी घालून कागदावर ग्रीक अक्षरे गिरवीत होती. मी मॅट्रिक झालेला माणूस. गणिताशी माझे तोवर बरे होते. पुढे येणे-जाणे राहिले नाही. दिवसा शाळेत मराठी शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो. तरी मामाच्या अधिकाराने विचारले, "हे कसलं गं पुस्तक?"

"मामा, 'अमक्यामुळे तमकं झालं' असं आपण उठसूट म्हणतो ना? ते म्हणायचा आपल्याला अधिकार आहे का, हे तपासायचं शास्त्र आहे हे."

आता 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय आहे, आणि माझा सारा संसार त्या एका अव्ययावर चालतो. कादंबरीकार म्हणून तर चालतोच. बाप गेल्यामुळे मुलीचे शिक्षण सुटले, शिक्षण सुटल्यामुळे तिला असले स्थळ आले, आणि असले स्थळ आल्यामुळे माझी अडीचशे पाने झाली. शिक्षक म्हणूनही चालतो. दहावीच्या निरोपसमारंभात आम्ही सारे शिक्षक घसा दाटून सांगतो की, आमच्यामुळे ही मुले घडली. मुलेही दाटल्या घशाने तेच सांगतात. त्या शब्दाची झडती घेणारे शास्त्र आहे आणि ते माझ्याच ओसरीवर येऊन बसले आहे, हे ऐकून मी जरा सावरूनच बसलो.

"अगं, त्याला एवढं जाड पुस्तक कशाला? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हेही."

"आजीला ठाऊक होतंच. पण कावळा बसला नसता तर फांदी मोडली असती की नाही, हे आजीनं कसं पाहिलं असतं? ती फांदी तर एकदाच मोडली."

मी गप्प राहिलो. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द करून ठेवले आहेत: हे असताना ते असते, आणि हे नसताना ते नसते. पहिला अर्धा भाग डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याचा घोटाळा आहे. एकाच मुलाला शाळेत घालून आणि त्याच मुलाला, त्याच दिवशी, शाळेत न घालता आपण पाहू शकत नाही. एका मुलाला दोन जन्म मिळत नाहीत. मग जो जन्म झालाच नाही तो कुठून तरी उसना आणावा लागतो. भाची शिकते आहे ते हे उसने आणण्याचे शास्त्र, आणि उसनवारी खरी की खोटी हे ओळखण्याचे. त्या सुटीत रोज संध्याकाळी तिने मला थोडे थोडे शिकवले. मी तिचा शिष्य झालो आणि शिष्य म्हणून मी फारसा चांगला नाही, हेही मला कळले.

पहिला फटका तिसऱ्याच दिवशी बसला. चाचणीत ज्या मुलांना फारच कमी गुण पडतात, त्यांना मी चांगले फैलावर घेतो. पुढच्या चाचणीत ती बहुतेक वर येतात. ज्यांना फार चांगले गुण पडतात त्यांचे मी कौतुक करतो, आणि ती पुढच्या वेळी घसरतात. तेव्हा रागावण्याने मुले सुधारतात व कौतुकाने बिघडतात, असा माझा वीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. भाचीने मला फ्रान्सिस गाल्टनची गोष्ट सांगितली. या इंग्रज गृहस्थाने १८८६ साली आईबापांच्या आणि त्यांच्या प्रौढ मुलांच्या उंचीची मापे मांडली. फार उंच आईबापांची मुले उंचच असतात, पण आईबापांइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुलेही सरासरीकडे सरकतात. त्याला कोणी त्यांना रागावावे लागत नाही. एखाद्या चाचणीत अगदी तळाला जाण्यात थोडे अज्ञान असते आणि थोडे दुर्दैव. अज्ञान टिकते, दुर्दैव दर वेळी तसेच येत नाही. म्हणून ते मूल वर येते. मी वीस वर्षे त्या वर येण्याचे श्रेय माझ्या जिभेला देत होतो. किती मुलांना मी उगीचच बोललो असेन, याचा हिशेब त्या रात्री मनात मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

अर्थमितीतल्या 'रिग्रेशन' या पद्धतीला नाव मिळाले ते गाल्टनच्या या मागे सरकण्यावरून. खुद्द 'अर्थमिती' हा शब्द इंग्रजीत रूढ केला नॉर्वेच्या राग्नार फ्रिश यांनी, १९२६च्या सुमारास. १९६९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा ते त्यांना आणि हॉलंडच्या टिनबर्गेन यांना मिळाले. म्हणजे हे शास्त्र काही कालचे पोर नव्हे.

मी शिक्षक, म्हणून तिने उदाहरण घेतले ते शिक्षणाचे. शिक्षणाने माणसाची कमाई वाढते काय? मी म्हटले, हा काय प्रश्न झाला! ती म्हणाली, जास्त शिकलेले जास्त कमावतात हे दिसतेच. पण जास्त शिकतात ती मुले मुळातच खात्यापित्या घरची किंवा हुशार असतील, तर त्यांनी शाळेचे तोंड न पाहताही जास्त कमावले असते. शाळेचा वाटा वेगळा कसा काढणार? अँग्रिस्ट आणि क्रूगर या दोघांनी १९९१ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. अमेरिकेत ठरावीक वय होईपर्यंत शाळा सक्तीची असे आणि शाळेत प्रवेश मात्र वर्षातून एकदाच. तेव्हा वर्षाच्या आरंभी जन्मलेला मुलगा सक्तीच्या वयाला लवकर पोचतो आणि थोडे कमी शिकून बाहेर पडू शकतो. जन्माचा महिना काही हुशारी पाहून येत नाही. मग केवळ जन्ममहिन्यामुळे जो थोडासा शिक्षणाचा फरक पडला, त्याने कमाईत किती फरक पडला ते पाहायचे. शाळेच्या एका वर्षाला कमाईत सात-आठ टक्क्यांची वाढ, असे उत्तर आले.

मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती शेजारच्या ओटीवर जाऊन सांगून आलो. परत आलो तर भाची म्हणाली, "मामा, गोष्ट संपली नाही. १९९५ साली दुसऱ्यांनी दाखवलं की, जन्ममहिन्याचा शिक्षणावर परिणाम इतका पुसट आहे की खरे महिने काढून मनाचे महिने घातले तरी तसलंच उत्तर येतं. आणि २०१३ साली आणखी दोघांनी दाखवलं की हिवाळ्यात जन्मणाऱ्या मुलांच्या आयांमध्ये अल्पवयीन आणि कमी शिकलेल्या जरा जास्त असतात. म्हणजे जन्ममहिन्यालाही घर माहीत असतं."

हे सांगताना ती खुशीत होती! तिच्या शास्त्राची इमारत ढासळते आहे आणि ही पोरगी आनंदाने विटा मोजते आहे, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले, मग थोडा हेवा वाटला. आम्ही लेखक मंडळी एखाद्या समीक्षकाने विराम चुकल्याचे दाखवले तरी दोन दिवाळी अंक त्याच्याशी बोलत नाही.

पण मला खरा जिव्हाळा लागला तो फिलिप राइट या माणसाचा. हा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावच्या एका छोट्या कॉलेजात मास्तर होता. गणित शिकवी, अर्थशास्त्र शिकवी, निबंधलेखनही शिकवी. स्वतः कविता करी. घराच्या तळघरात त्याने छापखाना मांडला होता. कार्ल सँडबर्ग हा पुढे फार मोठा झालेला कवी त्याचा विद्यार्थी. त्याची पहिली पुस्तके मास्तरांनी आपल्या तळघरात छापून दिली. या माणसाने १९२८ साली प्राणिज व वनस्पतिज तेलांवरच्या जकातीविषयी एक रुक्ष पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शेवटी 'परिशिष्ट ब' म्हणून जे जोडले, त्यात अर्थमितीतली एक अत्यंत थोर युक्ती पहिल्यांदा मांडलेली होती.

अडचण लासलगावच्या भाषेत सांगतो. बाजारात कांद्याची आवक किती झाली आणि भाव काय फुटला, हे रोज फळ्यावर लागते. भाव वाढला की लोक कांदा कमी घेतात. भाव वाढला की शेतकरी चाळीतला कांदा बाहेर काढतो. आता फळ्यावरचे आकडे पाहून यातले कोणते चालले आहे हे कसे ओळखावे? दोघांची ओढाताण आणि आपल्यापुढे फक्त दोरीची गाठ कुठे थांबली तेवढे. राइट म्हणतो, असे काहीतरी शोधा जे एकाच बाजूला धक्का देते. पाऊस घ्या. अवकाळी पावसाने कांदा सडला तर आवक घटते. पण त्या पावसामुळे मुंबईतल्या बाईची भाजीत कांदा घालायची इच्छा काही बदलत नाही. तेव्हा पावसापुरता आवकेत झालेला बदल आणि त्याबरोबर हललेला भाव एवढेच पाहिले की गिऱ्हाइकाचे मन उघडे पडते. जन्ममहिन्याची युक्ती ती हीच.

ते परिशिष्ट कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले. पुढे त्याचे मोल कळल्यावर शंका निघाली की, हे मास्तरांना कसे सुचले असेल? त्यांचा मुलगा सूअल राइट हा नामांकित आनुवंशशास्त्रज्ञ आणि आकडेशास्त्रातला अधिकारी पुरुष. त्यानेच लिहून दिले असणार. २००३ साली स्टॉक आणि ट्रेबी या दोघांनी बापाचे आणि लेकाचे इतर लेखन घेतले, त्यांत लहानसहान निरुपद्रवी शब्द कोण किती वेळा वापरतो ते मोजले, आणि परिशिष्ट ताडून पाहिले. कौल पडला मास्तरांच्या बाजूने. मला फार बरे वाटले. गावच्या मास्तराला काही सुचले तर ते शहरातल्या कोणी तरी सुचवले असणार, ही समजूत गेल्सबर्गातही होती म्हणायची! त्याबरोबर एक भीतीही वाटली. माझ्या लेखनातले 'खरे म्हणजे' कोणी मोजायला बसले, तर माझी सारी पुस्तके एका रात्रीत ओळखू येतील. (या लेखात तो शब्द मी अजून वापरलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.)

इथवर सारे गमतीचे होते. मग एके संध्याकाळी भाचीने माझी वही मागितली.

ही वही शिष्यवृत्तीच्या जादा तासाची. शिष्यवृत्तीची परीक्षा मधली काही वर्षे पाचवी आणि आठवीला होती. पूर्वी चौथी आणि सातवीला असे. मी सातवीच्या, आणि पुढे आठवीच्या, मुलांचा शाळा सुटल्यावर दीड तास जादा वर्ग घेतो. फी नाही. शाळेने त्यासाठी दिलेली खोली लहान आहे. दहा बाक मावतात, एका बाकावर दोघे. म्हणून जूनमध्ये पन्नास गुणांची एक चाचणी घ्यायची आणि पहिले वीस घ्यायचे. दर वर्षीची गुणवार यादी मी वहीत लिहून ठेवतो, विसाव्या नावाखाली पट्टीने तांबडी रेघ मारतो. रेघेखालचीही नावे लिहिलेली असतात, कारण कोणी गळाले तर घ्यायला लागतात.

भाचीने ती पाने पाहिली आणि तिचे डोळे असे चमकले की मी दचकलो. "मामा, तू काय करून ठेवलंयस तुला कल्पना आहे?"

१९६० साली अमेरिकेत थिसलथ्वेट आणि कँपबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी अशाच एका रेघेवर निबंध लिहिला होता. तिकडे राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ठरावीक गुणांच्या वरच्यांना प्रशस्तिपत्र आणि गाजावाजा मिळे, खालच्यांना तेवढा मिळत नसे. त्यांनी विचार केला, अगदी वरचा आणि अगदी खालचा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. ती मुले मुळात निराळी. पण रेघेच्या एक गुण वरचा आणि एक गुण खालचा यांत काय फरक? त्या दिवशी एकाला डोकेदुखी होती, दुसऱ्याला एक प्रश्न ओळखीचा निघाला, एवढाच. तेव्हा रेघेलगतच्या मुलांच्या पुढच्या आयुष्यात जो फरक पडेल तो प्रशस्तिपत्राचा. एकाने जगला तो जन्म आणि दुसऱ्याने जगला तोही जवळजवळ त्याचाच, फक्त रेघेपलीकडचा.

मी वहीचे एक पान दोन बोटांत धरून ठेवले होते. भाचीने विचारले, "या पानावर काय आहे?"

त्या पानावर २००९ सालची यादी आहे. विसावा चौतीस गुणांचा. एकविसावा तेहतीस गुणांचा. तो एका गवंड्याचा मुलगा. यादी लागली त्या संध्याकाळी बाप त्याला घेऊन माझ्या घरी आला होता. अंगावर चुन्या-सिमेंटचे शिंतोडे तसेच. "गुरुजी, ह्याला बी बसू द्या. खाली बसंल." मी म्हटले, बाक दहाच आहेत, आणि एकाला सवलत दिली की नियम राहत नाही. मुलगा काही बोलला नाही. आठवीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. बापाबरोबर बांधकामावर जातो असे कळले, आणि मग ते कुटुंबच गाव सोडून गेले.

त्याच्यावर मी कादंबरी लिहिली. तीत मास्तर त्या मुलाला दाराशी थांबवतो आणि मागून हाक मारून आत घेतो. मुलगा पुढे इंजिनियर होतो. त्या प्रकरणावर मला जितकी पत्रे आली तितकी कशावरच आली नाहीत. एका वाचकाने लिहिले होते, असे गुरुजी आज उरले नाहीत. ते पत्र मी फाडले.

हे सारे मी भाचीला सांगितले आणि शेवटी म्हणालो, "माझ्यामुळे त्याची शाळा सुटली."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तपासायचं का?"

सुटी संपल्यावरही तिचे ते काम चालूच होते. वहीतल्या सगळ्या वर्षांची रेघेलगतची मुले तिने वेगळी काढली. कोण मॅट्रिक झाला, कोणाची शाळा सुटली, याचा शोध मी घेतला. शाळेच्या दाखल्यांतून, बाजारात भेटलेल्या पालकांकडून, जुन्या मुलांना फोन करून. संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. "मामा, सांगता येत नाही."

"म्हणजे? फरक पडत नाही?"

"तसं नाही म्हटलं मी. रेघेच्या वरची मुलं जरा जास्त टिकलेली दिसतात. पण मुलं इतकी थोडी आहेत की एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. फरक आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. आणि दुसरं, तुला जी सापडली नाहीत ती बहुतेक रेघेखालचीच आहेत."

या दुसऱ्या मुद्द्यासाठी तिने मला अब्राहम वाल्ड यांच्याविषयी सांगितले. महायुद्धात परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहून विमाने कुठे नाजूक आहेत ते ठरवायचे होते. वाल्ड यांचे गणित या गोष्टीवर उभे होते की, समोर आहेत ती परतलेली विमाने. ज्यांना वर्मी लागले ती मोजायला आलेलीच नाहीत. नाझींच्या छळात घरची बहुतेक माणसे गमावलेला हा विद्वान १९५० साली व्याख्यानांसाठी आपल्या देशात आला आणि डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मरण पावला. त्याचा तो शेवट ऐकून मी सुन्न झालो. मला सापडलेली मुले गावात टिकलेल्या घरांतली होती. गवंड्याचा मुलगा परत न आलेल्या विमानांत होता.

आता, 'सांगता येत नाही' हे उत्तर घेऊन माणसाने काय करावे? पहिले काही दिवस मला हायसे वाटले, हे कबूल करतो. शास्त्रानेच सांगितले, सिद्ध होत नाही. कोर्टात असता तर सुटलो असतो. मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटू लागली. पुरावा अपुरा पडला तो मुले थोडी म्हणून. मी निर्दोष म्हणून नव्हे. शिवाय हिशेब पुरा लागला असता तरी तो सरासरीचा लागला असता. शंभरांतली इतकी टिकतात, एवढेच. त्या एका मुलाचे काय झाले असते, हे कोणत्याही रेघेला सांगता येत नाही. ते फक्त कादंबरीत सांगता येते आणि तिथे ते खोटे असते.

आणि उलट बाजूनेही मन खाऊ लागले. 'माझ्यामुळे त्याची शाळा सुटली' हे वाक्य मी सोळा वर्षे पुटपुटत होतो. त्यात पश्चात्ताप होता, पण तळाशी अहंकारही असावा. बापाची मजुरी, गावातले थांबलेले काम, घरातली दुखणी, हे सगळे माझ्या वाक्यात कुठेच नव्हते. एका दीड तासाच्या वर्गाने मुलगा तरला असता असे मानण्यात मी माझ्या वर्गाची किंमत केवढी लावत होतो! निरोपसमारंभातलेच वाक्य ते, सुतकी कपडे घातलेले.

भाचीशी माझा एका गोष्टीवर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. तिच्या शास्त्राला जिथे जिथे लख्ख दिसते, तिथे तिथे कोणावर तरी योगायोगाचा वार झालेला असतो. व्हिएतनामच्या युद्धासाठी कोणाला भरती करायचे हे ठरवण्यासाठी अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या. पुढे अँग्रिस्टने १९९० साली त्या चिठ्ठ्यांचाच आधार घेऊन दाखवले की, लढून आलेल्या गोऱ्या सैनिकांची कमाई युद्धानंतर कितीतरी वर्षे, १९८०च्या दशकाच्या आरंभीही, इतरांपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी होती. चिठ्ठी आंधळी होती म्हणून हे कळले. मी म्हटले, पोरांच्या जिवाची सोडत काढली आणि तुम्हाला आकडे मिळाले! ती म्हणाली, "सोडत आम्ही काढली नव्हती. काढलीच होती, तर तिनं काय केलं हे निदान कुणी लिहून तरी ठेवलं."

तिला तिचे शास्त्र निष्ठुर वाटत नाही, आणि त्यासाठी तिने मला मुंबई-बडोद्याचे उदाहरण दिले. 'प्रथम' या संस्थेने नगरपालिकांच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतलीच, शाळान्त परीक्षेपर्यंत शिकलेली मुलगी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरावीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची. त्याचा उपयोग होतो का हे बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले; निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. कोणत्याही शाळेला रिकामे ठेवले नाही. सोडतीने निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, निम्म्यांना चौथीसाठी. या शाळेतली तिसरी त्या शाळेतल्या तिसरीशी ताडून पाहता आली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि वर्ग सुटल्यानंतर वर्षभराने ती बरीचशी ओसरलीही, हेही त्यांनी लपवले नाही. मॅट्रिक झालेल्या मुलीच्या हातून हे होते, हे वाचून माझ्यातला मॅट्रिक सुखावला, ते सोडा. मला पटले ते हे की, त्यांनी रेघ मारण्याआधी रेघेखालच्यांचा विचार केला. मी पट्टी उचलली होती, ती फक्त विसावर थांबायला.

यंदा जूनमध्ये चाचणी घेतली. सव्वीस मुले आली होती. विसाव्याला सदतीस, एकविसावी एक मुलगी, छत्तीस. मी रेघ मारली नाही. घरून दोन सतरंज्या नेल्या आणि फळ्यापुढच्या मोकळ्या जागेत घातल्या. सहाजण तिथे बसतात. दर आठवड्याला बाकावरचे आणि खालचे बदलतो. हे करायला काही लागले नाही. 'खाली बसंल' असे त्या गवंड्याने मला स्पष्ट सांगितले होते, आणि त्या सतरंज्या २००९ सालीही आमच्या माळ्यावर होत्या.

भाचीला फोनवर हे सांगितले. तिला आनंद झाला, आणि मग ती जरा हिरमुसून म्हणाली, "म्हणजे आता तुझी रेघच गेली. तुझ्या वर्गाचा उपयोग होतो की नाही, हे आता कधीच कळणार नाही बघ."

"नाही कळलं तर नाही कळलं."

"असं नको म्हणूस, मामा. वही बंद करू नकोस. सव्वीसच्या सव्वीस नावं लिही, गुण लिही, आणि कोण गाव सोडून गेलं तर कुठं गेलं ते विचारून ठेव."

तेवढे मी करतो आहे. शेवटच्या रकान्यात आता गावाचे नाव आणि फोन नंबर असतो. दसऱ्यापर्यंत दोन मुले गेली. एक चाकणला, दुसऱ्याचे कुटुंब ऊसतोडीला. ऊसतोडीला गेलेल्याच्या आजीकडे नंबर नव्हता. मुकादमाचा मिळाला, तो लिहून ठेवला आहे.